पहिल्या लढाईतला शिपाई

हाडांच्या दवाखान्यात मनगट प्लॅस्टरमध्ये घालून बसलेली शिंपीण कंटाळली होती. शेजारच्या म्हाताऱ्या लोहाराच्या मुलीने त्याच्यापुढे मोबाईल धरला, तसे शिंपिणीचे कान आपसूक टवकारले.

"बाबा, आमच्या गेममधली नवी तलवार. मी काढलीय."

"तलवार? मला वाटलं, दुकानाचं शटर उचकटून आणलंय."

"नायकाची आहे. मोठीच लागते."

"आणि मुठीजवळ हे काटे? वार करायला हात वळवला की त्याचंच मनगट फाटेल."

"गेममध्ये नाही फाटत."

"बरंय त्याचं. माझं बघ, इथं येऊन बसलोय."

"लोकांना हेच आवडतं, बाबा."

"हत्तीचे दाखवायचे दात नुसते."

"असू देत. तुमच्या चावायच्या दातांनी भट्टी तगली का?"

लोहाराने मोबाईल हाताने बाजूला सारला.

"चुकलं माझं."

"चुकलं कसलं? खरंच आहे. तुला बघून काढता यावी म्हणून शेवटची घडवली होती, तिचं काय झालं?"

"काढली ना. हुबेहूब. साहेब म्हणाले, फारच साधी आहे."

"म्हणजे फेकली."

"नाही, घेतलीय. एका शिपायाच्या हातात दिलीय."

"नाव काय त्याचं?"

"त्याला नाव नाही. पहिल्याच लढाईत मरतो."

"मरताना हातातून सुटते?"

"नाही सुटत."

"सुटायचीच नाही. मूठ मी बसवलीय."