एका फेरीपुरतं

लेक: पण मी म्हणते, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली असती तर आई आत्ता घरात असती, बाबा.

बाबा: टॉर्च खाली धर. माझ्या तोंडावर नको, चाकाच्या आत.

लेक: डॉक्टर सकाळी काय म्हणाले? आता इथं करण्यासारखं काही उरलं नाही, आजच घरी न्या, आपल्या माणसांत राहू दे. आणि तुम्ही म्हणालात, उद्या नेतो. का, तर गाडी थरथरते!

बाबा: थरथरतेच. तो पान्हा दे. तो नव्हे गं, त्याच्या शेजारचा.

लेक: हा घ्या.

बाबा: अ‍ॅम्ब्युलन्समध्ये आडवं निजवतात. तुझ्या आईनं काय बजावलंय? आडवी होऊन या घरात शिरणार नाही. आपल्या गाडीत, पुढच्या सीटवर बसून येईन.

लेक: ती काय, काहीही म्हणते.

बाबा: म्हणू दे. आजवर ती काही म्हणाली की मी "बघू" म्हणून विषय संपवलाय. या वेळी नाही संपवणार. नीट धर, हात कशाला हलवतेस?

लेक: केव्हाची वाकून उभी आहे, हलणारच. गॅरेजवाल्याला का नाही बोलावत?

बाबा: बोलावून झालं. म्हणाला, काका, ही गाडी आता भंगारात द्या. या मॉडेलचे सीव्ही जॉइंट कुणी बनवत नाही. शोधून मागवायचे म्हटलं तर दोन-तीन आठवडे लागतील.

लेक: मग?

बाबा: मग काय? आहेत का आपल्याकडे दोन-तीन आठवडे?

लेक: टॉर्च कुठं धरू?

बाबा: म्हणून हा उद्योग. हे बघ, आत डोकावून बघ. हा दांडा इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेतो. त्याच्या टोकाला हा जॉइंट. आत पोलादी गोळ्या असतात, त्या खाचांत फिरतात. गाडी कायम पुढंच जाते ना? म्हणजे खाचेच्या एकाच कडेवर सगळा भार. ती कड झिजली. दुसरी कड बघ, कोरी करकरीत आहे.

लेक: मग ती कशी वापरणार? गाडी उलटी चालवत आणणार आईला?

बाबा: चेष्टा सुचतेय, छान! डावा दांडा उजवीकडे लावायचा, उजवा डावीकडे. दोन्ही सारख्याच लांबीचे आहेत, नशीब. बाजू बदलली की फिरण्याची दिशा बदलते, भार कोऱ्या कडेवर येतो. नवं ग्रीस भरायचं, फाटलेलं रबर बदलायचं. बस.

लेक: आणि असं किती दिवस चालतं?

बाबा: कुणी म्हणतं वर्ष, कुणी म्हणतं काही नाही. मला कुठं वर्ष हवंय? एका फेरीपुरतं चाललं तरी पुरे.

लेक: बाबा, एक फेरी तर ती अशीही सोसेल.

बाबा: गेल्या वेळी तू मागं बसली होतीस. तुला तिचं तोंड दिसत नव्हतं. चढावर गाडी थरथरायला लागली आणि तिनं दाराची कडी घट्ट धरली. चकार शब्द नाही. हॉस्पिटलात उतरवताना बघतो तर खालचा ओठ चावून रक्त आलेलं. मणक्यातलं दुखणं आहे ते. आपल्याला कळणारसुद्धा नाही.

लेक: मला सांगितलं नाहीत तुम्ही.

बाबा: सांगून काय करणार होतीस? चल, आता हा बाहेर ओढायचाय. तेल गळेल, खाली ते भांडं सरकव.

लेक: अहो, हे आईचं मोठं पातेलं आहे!

बाबा: मग? तेवढंच मोठं होतं घरात.

लेक: धन्य आहे. थांबा, फोन वाजतोय. आईच आहे. स्पीकरवर टाकते. हां आई, बोल.

आई: काय चाललंय गं तुमचं? दादा इथं बसून पेपर वाचतोय, माझ्याशी एक अक्षर बोलत नाही.

लेक: मामाला दे ना फोन, मी झापते त्याला.

आई: राहू दे, वाचू दे. हे कुठायत?

लेक: गाडीखाली.

आई: वाटलंच! लग्नाच्या दुसऱ्या दिवशी स्कूटर खोलून बसले होते. अहो, ऐकताय का?

बाबा: ऐकतोय. बोल.

आई: तेल कशात धरलंय?

बाबा: आहे एक जुनं भांडं.

आई: माझं पातेलं घेतलं असेल ना, तर मी घरी आल्यावर बघते तुमच्याकडे.

बाबा: ये तर खरी. मग बघ.

आई: उद्या नक्की ना?

बाबा: सकाळी नाश्ता झाला की निघू. पुढच्या सीटवर उशी ठेवतो पाठीला.

आई: मला तो सीटचा पट्टा लहान पोरासारखा आवळून बांधू नका. आणि सावकाश चालवा. घाई नाहीये कुणाला.

लेक: आई, खूप दुखतंय का आज?

आई: आज बरं आहे गं. उद्या यायचंय ना. ठेवते, नर्स आली.

बाबा: आवाज चांगला होता.

लेक: हो. चांगला होता.

बाबा: तो टॉर्च माझ्या डोळ्यांवरून काढ आणि इकडे धर. अजून एक बाजू राहिलीय.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. हॉस्पिटलच्या आवारात, त्याच गाडीत.)

बाबा: गेली का पुढं अ‍ॅम्ब्युलन्स?

लेक: फाटकातून आत्ताच बाहेर पडली. मामा बसलाय आत, आईजवळ.

बाबा: झोपेतच गेली म्हणे.

लेक: हो. नर्स पहाटे चादर सारखी करायला आली, तेव्हा कळलं.

बाबा: तू मागं का बसलीस? ये पुढं.

लेक: तिथं उशी आहे.

बाबा: काढ ती. नको, असू दे. बस तिथंच.

लेक: चला, निघू या, बाबा.

बाबा: हं.

लेक: वळण सावकाश घ्या.

बाबा: घेतोय. चाकातून कटकट आवाज येतोय का काही? माझा हा कान कामातून गेलाय.

लेक: नाही.

बाबा: आता चढ आहे. सीटवर हात ठेवून बघ. थरथरतेय?

लेक: नाही, बाबा.

बाबा: जरासुद्धा?

लेक: जरासुद्धा नाही. पाण्यासारखी चाललीय.

बाबा: म्हणजे जमलं होतं.

लेक: जमलं होतं.

बाबा: काल आणलं असतं तर?

लेक: तर चढावर ओठ चावत बसली असती.

बाबा: पण आली असती.

लेक: हो. आली असती.

बाबा: कालची रात्र घरात झोपली असती. तिच्या पलंगावर. आपण दोघं जवळ असतो.

लेक: हो.

बाबा: तू सांगत होतीस मला.

लेक: सांगत होते. आणि टॉर्चही मीच धरला होता.

बाबा: मला वाटलं, एवढं एक तरी नीट करावं तिच्यासाठी. एक दिवस लागतोय तर लागू दे. एका दिवसानं काय होतंय, असं वाटलं.

लेक: बाबा, सिग्नल सुटलाय. मागचे हॉर्न देतायत.

बाबा: हो का? ऐकू आलं नाही. कुठं वळायचं आता?

लेक: डावीकडे. आपल्याच घरी जायचंय.

बाबा: हां. डावीकडे.

लेक: कडेला घ्या गाडी. घ्या ना. दोन मिनिटं थांबू.

बाबा: ते पोचतील, दार उघडायला कुणी नाही.

लेक: मामाकडे किल्ली दिलीय मी. थांबवा.

बाबा: थांबवली. बोल.

लेक: लहानपणी आपण मावशीकडून परत यायचो ना, दोन-तीन तासांचा रस्ता. मी मागं आडवी पडून तुमची मान बघत राहायची आणि मग कधी झोप लागायची, कळायचंच नाही. गाडी कुठली, रस्ता कुठला, बाहेर काय, कशाचं काही नाही. तुम्ही चालवताय एवढं माहीत असायचं. तुम्ही चालवत असताना मला कधीच भीती वाटली नाही, बाबा. हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही मी.

बाबा: आणि आता?

लेक: आता वाटतेय.