कोंडाजीचं यजमानपद

न्हाई न्हाई, तुमी म्हनताय तसलं कायबी झालं न्हाई! लावा पैज… मोशीत आमच्या सोसायटीत गनपतीचं देऊळ झालं, तवा पूजेला यजमान कोन झालं आन त्याला ते केवढ्याला पडलं, हे कुनी वळखून दावावं, मी मिशी उतरवतो! न्हाई वळखायचं. कारन तुमाला सांगतो, यजमान व्हनं म्हंजी खायाचं काम न्हाई, राव!

आता ह्या सोसायटीच्या जागंवर पूर्वी आमच्या कोंडाजीचं जवारीचं रान; रान बिल्डरला दिलं आन त्याबदली हितंच फ्लॅट घिऊन ऱ्हायला. भावकीतलाच हो माज्या! हुरडा असा गोड की… पर ते ऱ्हाऊ द्या. तर देवळाच्या पूजेसाठी मीटिंग भरली. चेअरमन सुरेंद्रसायेब, चाकणला कंपनीत मोठा हापिसर, मानूस गुनाचा, पर कंपनीचं वारं डोक्यात! म्हनतो कसा, "यजमान म्हणजे मेन स्पॉन्सर. देणगी माझी जास्त, सो मी आणि माझी मिसेस मृदुला बसतो." झालं! कोंडाजी फेटा सावरत उठला. "सायेब, सपान्सर बॅनरवर असतो. यजमान म्हंजी ज्याच्या दारात द्येव येतो आन ज्यो सगळ्यांच्या वतीनं हात जोडतो, त्यो! हितं माज्या बापाचा घाम मुरलाय!" काय टाळी पडली म्हनता… माजी छाती अशी फुगली, सदऱ्याचं बटन उडून ग्येलं!

ठरलं, यजमान कोंडाजीच! हितं त्यानं गप बसावं का न्हाई? पर टाळीनं मानूस चढतो. कुनीतरी त्याला इचारलं, "काकूपण बसणार ना पूजेला?" तर ह्यो बहाद्दर म्हनतो, "तिचं काय काम? आपुन एकटा खमक्या हाय!" आन मागच्या वळीत कोन बसलं हुतं? त्याचीच कारभारीन… मंजुळाबाई! तिनं काय केलं? निस्ती गालातल्या गालात हसली. तितंच घाबराया पायजे हुतं!

पूजेचा दिस आला. कोंडाजी उपाशी, पोटात कावळं, पितांबर नेसून पाटावर. गुरुजी म्हनालं, "यजमानीणबाईंना बोलवा. त्यांचा हात तुमच्या हाताला लागला, की मगच संकल्प." कोंडाजीनं हाक मारली, "अगं ए!" मंजुळाबाई खुर्चीत ढिम्म! "माजं काय काम? एकटं खमकं हायसा न्हवं?" कोंडाजीला दरदरून घाम. "गुरुजी, बायकू नसली तर कमरंला सुपारी खोचत्यात म्हनं… द्या की येक!" आरारारा! मंजुळाबाई ताडकन उठली. "म्या जित्ती, धडधाकट हितं बसलीया, आन माज्या जागी सुपारी?" गुरुजींनी सुपारीवरचा हात असा मागं घेतला, जनू इस्तवच लागला! "बाई गावाला गेल्या असत्या तर ठीक. समोर असताना नाही चालत." आन मागं सुरेंद्रसायेब सोवळ्यात, मृदुलाताई नऊवारीत, तयारच की! "काका, नो इश्यू, आम्ही बसतो ना!" बापाच्या रानात दुसराच यजमान? कोंडाजीचं डोळं भरलं हो… सांगतोय न्हवं, यजमान व्हनं म्हंजी खायाचं काम न्हाई!

उठला पाटावरनं. आख्ख्या सोसायटीदेखत बायकूपुढं जाऊन हुबा ऱ्हायला. "चुकलं माजं. चल. काय पायजे ते माग."

मंजुळाबाईनं पदर खोचला. "सकाळचा च्या. उद्यापास्नं तुमी करायचा. म्या उठायच्या आदी."

"किती दिस?"

"लगीन किती दिसाचं केलंतं?"

पर काय बसली जोडी, राव! तिचा हात त्याच्या कोपराला, गुरुजी मंतर म्हनत्यात, आन कोंडाजी असा ताठ, जनू गनपती बैलगाडीतनं त्याच्याच वट्यावर उतरतोय! सुरेंद्रसायेबानंबी वाकून जोडीच्या पाया पडून घेतलं. आमच्या मोशीचा कोंडाजी, तुमाला सांगतो… शोभला!

आता या कवा सकाळी माज्याकडं. समोरच त्याची खिडकी. सत्तरी वलांडलेला गडी गॅसपुढं हुबा, आलं ठेचतोय, उतू जानाऱ्या दुधाला फुंकर घालतोय, आन आतल्या खोलीतनं हाक येतीया, "अवो यजमान… साकर इसरू नगा!"