एकच नळी

तारापूरला अणुभट्टीचं बांधकाम चालू होतं, तेव्हाची गोष्ट. पालघरच्या दवाखान्यात माझ्या बाकावर दोन कोळणी येऊन बसल्या. एक म्हातारी, एक तरुण.

"जयवंती, केसूचे पाय कसे हायत?"

"हलत नाय, मावशी. खोल पाण्यातून हे घाईनं वर आले म्हणून असं झालं, असं डाक्तर बोलतात."

"पाठीवर हवेची टाकी बांधून शेवंडी पकडायला गेलेला माणूस घाई कशाला करील?"

"तुमच्या भिकानं सांगितलं नाय?"

"तो भिंतीकडं तोंड करून पडलाय. जेवत पण नाय."

"खाली खडकात भिकाची हवा संपली, मावशी. यांनी पाठीवरची टाकी सोडून त्याच्याकडं दिली, आपली नळी त्याच्या तोंडात दिली आणि स्वतः एका दमात वर आले."



"माज्या पोरापायी तुज्या संसाराची वाट लागली गं. मला शिव्या तरी दे."

"राग आलेला, मावशी. यांनाच विचारलं, तवा माजी आठवण नाय झाली का?"

"मंग?"

"बोलले, भिकाला तिथं सोडून आलो असतो, तर तुज्यासमोर उभा कसा राहिलो असतो?"