रिकामी लिफ्ट वर जाते

नाही हो, खाली नाही पडणार. मघापासून तेच सांगतोय. चार दोर आहेत, त्यातला एकेक दोर एकटा दहा माणसं पेलेल, आणि तुम्ही आत एकटेच आहात—एकटेच ना? मग झालं तर. मी मेकॅनिक, वर मशिन रूममध्ये आहे, तुम्ही पाचव्या आणि सहाव्याच्या मधे लटकलाय, आणि हा इंटरकॉम मीच बसवलाय गेल्या वर्षी, तेव्हा ओरडू नका, हळू बोललात तरी ऐकू येतं. मेन स्विच पाडलाय. आता वॉचमन एकेका मजल्याचं दार नीट लागलंय का बघत चढतोय, अकरा मजले आहेत आणि त्याचे गुडघे गेलेत, तो वर येऊन 'सगळी लागलीत' म्हणाला की मग मी ब्रेक सोडून हातानं चाक फिरवणार. त्याच्या आधी नाही. कोणी उघड्या दारातून रिकाम्या जागेत पाय टाकला तर? म्हणून. तुम्ही खाली बसा, पाठ टेकून. दहा-पंधरा मिनिटं. काय? वर—हो, वरच घेणार, पाचव्यावर नाही, सहाव्यावर. एकटा माणूस आत असला की दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन केबिनपेक्षा जड होतं, ब्रेक सोडला की केबिन आपोआप वर—पण हे तुम्हाला कसं माहीत?

वाचलंत. मोबाइलवर. सगळीकडे एक लेख फिरतोय म्हणे—हां, 'रिकामी लिफ्ट वर जाते', तोच. आणि? तो यंत्रानं लिहिलाय? कोण म्हणतं? लेखाखाली कोणीतरी लिहिलं होतं. वा. म्हणजे इथपर्यंत पोचलं. पाचव्या आणि सहाव्याच्या मधे लटकलेल्या माणसापर्यंत पोचलं. साहेब, तो लेख माझा आहे. हसू नका. मी इथे हातात ब्रेकचा दांडा घेऊन उभा आहे आणि तुम्ही आत हसताय, हे बरं दिसत नाही.

माझा म्हणजे माझा. एक साइट आहे, लिहिण्या-वाचण्याची, गप्पांची, चौदा हजार सभासद, कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नाही, सगळे टोपणनावानं. मी 'सातवा मजला'. नऊ वर्षं झाली. बेचाळीस लेख—लिफ्टमध्ये अडकलेली वरात नव्हे, पण पियानो अडकलेला, एक नवरा-बायको भांडत चढले आणि अडकले आणि सुटले तेव्हा बोलत होते, तो एक, असले. मी लेख टाकला की खाली पन्नास प्रतिसाद. 'पुढचा भाग लवकर टाका', 'आज ऑफिसात उगाच लिफ्टकडे बघून हसलो'. आवडायचं मला. का नाही आवडणार? बावीस वर्षं मी ग्रीसमध्ये हात घालतोय, लिफ्ट चालते तेव्हा माझी आठवण कोणाला येत नाही आणि बंद पडली की शिव्या मलाच. तिथे मला लोक 'सर' म्हणायचे. तर यंदा साइटला दहा वर्षं झाली म्हणून त्यांनी स्पर्धा काढली, फक्त सभासदांसाठी, तंत्रज्ञानावर ब्लॉग लिहायचा, विषय 'माझ्या हातातलं यंत्र'. लेख स्वतःचा हवा, फोटो स्वतःचा हवा, मतं सभासदांची. बक्षीस एक टॅब, आणि वर्षभर लेख साइटच्या पहिल्या पानावर. टॅब गेला उडत. पहिलं पान, साहेब.

सहाशे अकरा मतं पडली मला. दुसऱ्या नंबरला दोनशे चाळीस, तेही कशाला, तर टाळी वाजवून घरातले दिवे कसे लावावेत. अहो, बटण आहे भिंतीवर! आणि तिसऱ्या नंबरला 'काटकोन'. या काटकोनाचं पोट दुखलं. त्यानं माझा लेख उचलला, कुठल्याशा तपासणीच्या साइटवर टाकला, तिनं सांगितलं ब्याण्णव टक्के यंत्रानं लिहिलेला. मग यानं साइटवर चर्चेचा स्वतंत्र धागाच काढला, पुराव्यांसकट. पुरावा पहिला, लेखात एकही चूक नाही. एकही नाही! स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. पुरावा दुसरा, 'मात्र' हा शब्द अकरा वेळा आलाय. मोजत बसला होता. आणि तिसरा पुरावा—हा मला पाठ आहे—'इतकं स्वच्छ लेखन लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं असेल यावर विश्वास ठेवणं कठीण जातं.' कठीण जातं त्याला! म्हणजे मी लिहायचं तर घाणेरडं लिहायचं. पानावर ग्रीसचे डाग पाडायचे, तेव्हा हा म्हणणार, हां, हा खरा मेकॅनिक. आणि 'मात्र' अकरा वेळा आला तर आला, आमच्या घरात तसंच बोलतात. 'भात आहे, आमटी मात्र संपली.' 'ये लवकर, चप्पल मात्र बाहेर काढ.' ती अशीच बोलते.

कोण ती म्हणजे? बायको. दुसरं कोण असणार घरात?

नाही, तिचा काय संबंध. म्हणजे—संबंध आहे थोडा. टाइप तीच करायची. माझी बोटं बघितलीत का? नाही बघितलीत, तुम्ही आत आहात. एका बोटानं तीन अक्षरं दाबली जातात. म्हणून मी सांगायचो आणि ती टाइप करायची. संध्याकाळी हातपाय धुऊन बसलो की विचारणार, 'आज कोण अडकलं?' रोज. रोज काही कोणी अडकत नाही, पण विचारणार. मग मी सांगायचो आणि तिचे प्रश्न—दोर फिरताना आवाज कसा येतो? मी म्हणायचो, कसा येणार, दोरासारखा. नाही, नीट सांग. त्या बाईंनी सुटल्यावर आधी काय केलं? पर्स उघडली की केस नीट केले? आता मी ब्रेक बघणार की बाईंचे केस? पण विचारून विचारून काढून घ्यायची. कंपनीचे सर्व्हिस फॉर्म असतात, जुने, पाठकोरे, त्यांच्या मागे पेनानं लिहायची, खोडायची, परत लिहायची, मग मोबाइलवर. मला वाचून दाखवायची. मी म्हणायचो, हां, असंच झालं होतं. झालंच होतं तसं! एक अक्षर खोटं नाही.

चूक कशी सापडेल हो त्यात? सतरा वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली तिनं. छापखाना बंद पडला आणि ती घरी बसली. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा पेन घेऊन वाचते. त्या काटकोनाला काय माहीत, त्याला वाटतं चूक नाही म्हणजे माणूसच नाही.

थांबा, वॉचमनचा फोन—काय रे? चौथ्यावर आहे. चौथ्याचं दार परत बघतोय. बघू दे. तुम्हाला घाम येतोय? वरती जाळी आहे ना, तिच्यातून हवा येते, गुदमरत नाही त्यात कोणी.

तर स्पर्धेच्या समितीनं मला बोलावलं. समोरासमोर नाही, व्हिडिओवर, रविवारी दुपारी. तिघं होते. अगदी गोड. 'आमचा तुमच्यावर संशय नाही, फक्त शंकानिरसन म्हणून लिफ्टच्या ब्रेकवर दोनशे शब्द आत्ता आमच्यासमोर लिहून दाखवा, अर्धा तास घ्या.' ब्रेकवर! मला झोपेतून उठवून विचारा ब्रेकचं. लाइनिंग किती झिजलं की बदलायचं ते मी वासावरून सांगतो. घेतला कागद. आता आमची लिहायची सवय काय, तर लॉगबुक. या इथे टेबलावर पडलंय, प्रत्येक मशिन रूममध्ये असतं—तारीख, बिघाड, कारण, उपाय, सही. बावीस वर्षं मी स्वतःच्या हातानं फक्त तेवढंच लिहिलंय. अर्धा तास गेला आणि कागदावर काय, तर 'ब्रेक तपासला. लाइनिंग झिजले होते. बदलले. चालवून पाहिले. ओके.' बस. ते तिघं वाचत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते.

बायको आतल्या खोलीत होती. मीच सांगितलं होतं तिला, आत बस, दार लावून घे, आवाज करू नकोस. पंखासुद्धा बंद करायला लावला, त्याची घरघर येते म्हणून. उकाड्यात बसली होती अर्धा तास. हाक मारली असती तर आली असती, म्हणाली असती, मी लिहिते. पण मग काय? अट आहे ना, लेख सभासदाचा स्वतःचा हवा. सभासद मी आहे. सातवा मजला मी आहे! त्या लिफ्टखाली खड्ड्यात मी उतरतो, ती नाही उतरत. पाणी भरलेल्या खड्ड्यात कंबरेइतका मी उभा राहतो. मग लेख कोणाचा? नाही, सांगा, कोणाचा?

लोकांनी एकच वाक्य उचललं त्या लेखातलं, तुम्हालाही तेच आठवत असेल. 'रिकामी लिफ्ट सुटली तर ती खाली येत नाही, वर जाते, आणि वर छप्पर असतं.' बघा, आठवलं. यातलं 'वर जाते'पर्यंत माझं. मी बोललो होतो, शब्द न् शब्द. 'आणि वर छप्पर असतं' तिनं जोडलं. मी म्हटलं, हे कशाला, ते तर कोणालाही माहीत आहे. म्हणाली, राहू दे. आणि सहाशे अकरातल्या निम्म्यांनी तेवढंच खाली परत लिहिलंय. वर छप्पर असतं, वर छप्पर असतं. मला राग येतो त्याचा. खरं सांगतो, काटकोनाच्या आधीपासून येतो.

मग समितीला उत्तर द्यायचं होतं. ते मी स्वतः लिहिलं. पहिल्यांदाच, माझ्या या बोटांनी, दोन तास लागले. ठणकावून लिहिलं—'माझ्या घरात लिहिणारं दुसरं कोणीही नाही, यंत्रही नाही आणि माणूसही नाही.' आणि दाखवलं तिला. सवयीनं, साहेब. नऊ वर्षांची सवय, पाठवायच्या आधी तिच्या हातात मोबाइल द्यायचा. तिनं वाचलं. त्यात एक अख्खी ओळ दोनदा पडली होती, मला नंतर दिसली, चांगली ठळक, एकाखाली एक. तिला दिसली नसेल? सतरा वर्षं प्रूफं तपासलेली बाई, दुकानाची पाटी चुकली तरी आत जाऊन सांगून येते. तिनं वरपासून खालपर्यंत वाचलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाली, 'छान झालंय. पाठव.'

तसंच गेलं ते. ओळ दोनदा पडलेली.

पाच दिवस झाले. बोलते, बोलत नाही असं नाही. जेवायला वाढते, पाणी आलं का, वीज बिल आलं का, सगळं बोलते. मी हातपाय धुऊन बसतो. ती टीव्ही लावते. काल लिफ्टमध्ये एका म्हाताऱ्याचा कुत्रा अडकला होता, म्हातारा बाहेर आणि कुत्रा आत, अकरा मजले हा जिन्यानं वर जाईपर्यंत तो खाली, तो खाली येईपर्यंत हा वर—इतकी मजा झाली. कोणाला सांगू? विचारलंच नाही तिनं. मी आपणहून सांगायला गेलो तर मला सांगताच येईना. 'कुत्रा अडकला, काढला' एवढंच आलं तोंडात.

हं—आला वॉचमन. सगळी लागलीत? बरं. उभे राहा, दारापासून लांब, आणि धक्का बसेल छोटासा, घाबरू नका. हां. हळूहळूच येणार, एका हातात ब्रेक आहे माझ्या. इथे दोरावर पिवळा पट्टा मारलेला असतो, तो या खुणेशी आला की मजला आला. नाही, तुम्हाला काही करायचं नाही. तुम्ही फक्त उभे राहा.

आज पाच वाजेपर्यंत एक ओळ पाठवायची आहे समितीला. 'लेख संपूर्णपणे माझा आहे.' खाली नाव. पाठवली की सहाशे अकरा मतं मान्य, काटकोन गप्प, उद्या निकाल. नाही पाठवली तर बाद. सकाळपासून ती ओळ मोबाइलमध्ये लिहून ठेवली आहे, बटण दाबलं की गेली. दाबणार आहे मी. का नाही दाबणार? त्या काटकोनाला जिंकू देऊ? मी यंत्र नाही हे मला माहीत आहे, तिला माहीत आहे—

काय म्हणालात?

परत म्हणा. नाही, परत म्हणा, ब्रेक धरलाय मी, नीट ऐकू आलं नाही. 'बायकोच तर आहे, घरच्या घरात, तिचं ते तुमचंच.' असं. चांगलं म्हणालात. माझ्या बाजूनं म्हणालात, कळलं मला. हेच मी म्हणालो होतो तिला. त्या रविवारी, व्हिडिओ संपल्यावर, दार उघडून ती बाहेर आली, घामानं भिजलेली, आणि मी म्हटलं, तुझं ते माझंच ना, घरच्या घरात काय वेगळं धरायचं. हेच शब्द. मला वाटलं होतं मी प्रेमानं बोललोय. पाच दिवस मला वाटतंय मी प्रेमानं बोललो होतो. आता तुम्ही बोललात, ओळख ना पाळख, तिला कधी पाहिलेलंसुद्धा नाही तुम्ही, आणि कसं उचलून माझ्या खिशात टाकलंत सगळं. तुमच्या बापाचं होतं का ते? माझ्या बापाचं होतं?

नाही, बोलू नका. पुरे. एक शब्द नको आता. पट्टा आला. सहावा मजला. दोन्ही हातांनी दार डावीकडे ढकला, जोर लावा, बाहेरचं त्याच्याबरोबर उघडेल. उघडलं? उतरा. तुम्हाला नवव्यावर जायचंय म्हणालात, मी नाही सोडणार नवव्यापर्यंत, लिफ्ट बंद आहे. जिना उजव्या हाताला आहे. चढा. आणि ते बटण सोडा इंटरकॉमचं, जाताना उगाच बोलायला नको—पाच वाजायला वीस मिनिटं आहेत, ती ओळ खोडून दुसरी लिहायचीय आणि मला लिहायला फार वेळ लागतो.