नार्नूरची पहाटेची गर्दी

उटनूरच्या बसमध्ये हर्षदीप मोबाईलवरचा आलेख बघत बसला होता. त्याचं कापूसभावाचं ॲप नार्नूरमध्ये पहाटे कितीदा उघडलं, याची नोंद त्यात व्हायची. त्या आकड्यांवर त्यानं साहेबांपुढं छाती फुगवली होती. परवा ॲप झटपट उघडेल असं केलं, आणि आकडा धाडकन पडला.

पुढच्या सीटवर नार्नूरला चढलेल्या दोघी बोलत होत्या.

“रुपा, ते कापसाचं ॲप काऊन काढलं वं?”

“आधी उघडलं का लय वेळ नुसतं पांढरं राहे. तेवढ्या उजेडात म्हशीचं दूध काढून व्हाये.”

“मंग टॉर्च लाव ना.”

“टॉर्चनं बिचकते ते. आता ॲप लगेच उघडते, आन त्यातली बाई भाव सांगत सुटते. लाथ बसली मले! गल्लीतल्या समद्यायनंच काढून टाकलं.”

रुपा मागं वळली.

“दादा, उशिरा उघडणारं काई हाय का तुमच्या मोबाईलमंदी?”

“होतं,” हर्षदीप म्हणाला.