पवनचक्कीचा हार

गिरणीतली लाईट गेली, तसे अणदूर गावच्या लोकांनी डबे रांगेतच ठेवले आणि लिंबाच्या सावलीत बूड टेकलं. तुळजापूरहून गावच्या शाळेत नव्यानं शिकवायला आलेली निवेदिताही तिथंच बसली. शेजारी उभ्या कडूबाई दिराला, उत्तरेश्वरला, माळावरची पवनचक्की दाखवत होत्या.

"भावजी, ती बघा. तुमीच जागा दिल्याली. कशी गरागरा फिरतीय!"

"फिरू द्या की, वैनी."

"मग हितं लाईट का न्हाय?"

"तिची लाईट तारंनं लांब जाती म्हणं."

"हे जागा देताना इचारलं न्हाय?"

"रानातच लाईट तयार व्हणार म्हणल्यावर आपल्या मोटरीला मिळंलच, असं वाटलं."

"वाटलं! बैल घेताना जबडा उघडून दात बघता, अन् हितं नुसतं वाटलं? वर खंडेनवमीला तिला हार घातला, नारळ फोडला. हिरीवरच्या मोटरीला कुंकवाचं बोटसुदीक न्हाय!"

"मोटर बंद व्हती, वैनी."

"का बंद व्हती?"

"लाईट नव्हती."

"अन् ज्वारी निसवली, कणसं भाईर पडली, एका पाण्यासाठी तडफडली, तवा?"

"तवाबी नव्हती. हळू बोला, मास्तरीणबाई ऐकत्यात."

"ऐकू द्या! बाई, ह्या डब्यात बाजारातली ज्वारी हाय. आमच्या रानात नुसता कडबा झाला. भावजी, येत्या नवमीला हिचीच भाकरी त्या पवनचक्कीला निवद दाखवा. म्हणावं, घरची पिकली न्हाय, इकतची हाय, गोड मानून घे."