सातव्या खुणेचा बाक

विश्वास नाही ठेवला कुणी माझ्यावर, सर — एकानंसुद्धा नाही. आणि तुम्ही काय हसताय? अहो, पाय मागे घ्या आधी, कवायतीच्या हिरवळीवर परक्यानं पाय टाकायचा नसतो, पाटी दिसत नाही का — नकाशा मात्र दिसतो बरोबर! आणा इकडं. फाटकावर मिळतो तोच ना, आपलं आपण फिरा नि फोटो काढा म्हणून, बारा खुणांचा? सातवी खूण — तोफ, पाइनचं झाड, बाक. 'सकाळचं ऊन चांगलं.' ऊन चांगलं म्हणे! लिहिणारा बसला असेल का कधी या बाकावर? बाकाचे चार काढलेत, माझ्या खोपटावरच्या पाटीचाही काढलात, न विचारता — पाहिलं मी. वाचलीत का पण? पुरिफिकासियोन ताबांकुरा, नावाच्या पट्ट्या शिवून मिळतील. ती मी. कॅडेट मला मानांग पुरिंग म्हणतात, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. बावीस वर्षं या लष्करी अकादमीतल्या पोरापोरींची नावं त्यांच्या छातीवर शिवतेय. चौथीपर्यंत शिकले, पण एक अक्षर चुकलं नाही कधी — आणि तिथंच तर घात झाला.

तर मी काय विचारत होते — आठ वर्षांपूर्वीचे फोटो असतात का हो तुम्हा लोकांकडं? तुमचे नाही, तुमच्यासारख्या कुणाचेही. राखाडी गणवेशातली मुलगी, याच बाकावर, एकटी, मांडीवर टोपी. पुष्कळांनी काढले तेव्हा. धुकं, पाइन, एकटी पोरगी — तुम्हाला तर मेजवानीच! माझ्याकडं एकही नाही. होते तेवढे ती घेऊन गेली. डिविना. माझी मुलगी.

एकटी का म्हणजे? वाळीत टाकलेली. पद्धत आहे इथली — कॅडेट खोटं बोलला असं त्यांच्यातल्याच पंचांनी ठरवलं, की त्यानं आपण होऊन निघून जायचं. नाही गेला, तर कुणी बोलायचं नाही त्याच्याशी. कुणी म्हणजे कुणीच नाही. जेवायला वेगळं टेबल, मीठ मागायचं तर कुणाकडं मागणार? डिविना नाही गेली. 'मी खोटं बोललेच नाही, तर जाऊ कशाला?' — माझ्यावरच गेलीय, मोडेल पण वाकणार नाही. चार महिने काढले तिनं. रविवारी सगळे खाली शहरात, ही इथं. मी तिकडं मशीनवर, तीस पावलांवर — मोजलीत मी. मला बोलायला बंदी होती का? नव्हती. मी डबा घेऊन यायचे, कच्ची पपई नि शेवग्याचा पाला घातलेला कोंबडीचा रस्सा, लहानपणापासून जीव तिचा त्यावर — इथं ठेवायचे, नि ती तोफेकडं बघत बसायची. संध्याकाळी डबा तसाच. वर तवंग गोठलेला.

आता कसलं खोटं म्हणाल, तर सांगते. रविवारी बाहेर पडताना वहीत लिहावं लागतं, कुठं चाललात ते. तिनं लिहिलं, वडिलांकडं. रोदान्ते — माझा नवरा — शहरात दुसरं घर करून राहतो. तिला परत यायला उशीर झाला, म्हणून चौकशी. एक कॅडेट आला माझ्याकडं, कडक इस्त्रीचा, 'मानांग, रविवारी डिविना कुठं होती?' मला वाटलं, पोरगी अडकली, सोडवावी. आई दुसरं काय करणार? म्हटलं, माझ्याकडं होती, दिवसभर, दोन वाट्या रस्सा प्यायली. झालं! वहीत एक नि आईच्या तोंडी दुसरंच. रोदान्तेला विचारलं, तर तो म्हणाला, माझ्याकडं होती — आयुष्यात एकदा खरं बोलला मेला, पण बायको टाकून गेलेल्याचं कोण ऐकतं? माझं ऐकलं. अक्षर न चुकणाऱ्या बाईचं.

असं काय बघताय? सोडवायलाच बोलले मी. तो म्हणाला, 'वहीत तर वडिलांकडं लिहिलंय,' तेव्हा मी — नाही, ते तो नंतर म्हणाला. नंतर... नाही हो. आधीच म्हणाला. आल्या आल्या तेच म्हणाला. 'वडिलांकडं गेले होते म्हणते, खरं का?' नुसतं हो म्हणायचं होतं. नाहीतर ठाऊक नाही म्हणायचं. पण त्याच्याकडं? त्या घरात? त्या बाईच्या हातचं जेवली, माझी मुलगी? — दातात सुई होती माझ्या, ती काढली नि म्हटलं, 'तिला दुसरं घर नाही. माझ्याकडंच होती.'

तिसऱ्या दिवशी गेले हो मी. पंचांसमोर उभी राहिले, म्हटलं, खोटं मी बोलले, ती नाही. तर सगळी उठून उभी राहिली मला मान द्यायला! खुर्ची दिली, पाणी दिलं. 'मानांग, आई आहात तुम्ही, आता असंच बोलणार.' खोटं बोलले तेव्हा दगडावरची रेघ, नि खरं बोलले तर म्हणे आईची माया!

शेवटी अकादमी सोडलीच तिनं. आता तैवानला असते, कारखान्यात. नाताळला बापाला फोन करते. मला नाही. आठ वर्षं झाली. इथल्यांनी चार महिने पाळली ती पद्धत, डिविना अजून पाळतेय.

जा आता. आठव्या खुणेवरचं ऊन जाईल तुमचं. नाही, माझा नको — कॅमेरा खाली करा म्हणते ना! तिचा सापडला कुठं तर पाठवा. छातीवर पट्टी असेल, ताबांकुरा, मीच शिवलेली. आणि तो बघून कुणी विचारलं, हिला इथं एकटं कुणी बसवलं, तर अकादमीचं नाव घेऊ नका. रोदान्तेचं तर नाहीच नाही — आठ वर्षं मी त्याचंच नाव सांगत आले सगळ्यांना. माझ्या पाटीचा फोटो आहे ना तुमच्याकडं? त्यावरचं नाव वाचून दाखवा.

पुरिफिकासियोन ताबांकुरा.